पहिलं रीडिंग

"आपल्या मंडळाची वेबसाइट उघडेपर्यंत मुलीचं लग्नाचं वय निघून जाईल," असं अध्यक्ष कोंडाजी शिरसाट भर बैठकीत म्हणाले आणि करुणा बौद्ध वधू-वर मंडळाची अख्खी कार्यकारिणी पोट धरून हसली. हसले नाहीत ते फक्त सचिव भीमराव सुरवाडे. कारण ती वेबसाइट त्यांच्या सुनेनं, वैष्णवीनं केली होती. चार महिने, दुपारची भांडी आवरून, कुणाचा एक कप चहासुद्धा न घेता.

कोंडाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. "उल्हासनगरला एक पार्टी आहे. प्रोफेशनल लोक. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ठराव करू आणि साइट त्यांना देऊन टाकू. घरच्या सुनांनी हौस करावी, पण समाजाचं काम म्हणजे हौस नाही."

अंबरनाथच्या अर्धवट बांधलेल्या विहारात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या भीमरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते रागानं बोलणारे नव्हेत. एकोणतीस वर्षं त्यांनी कारखान्यात रेटफिक्सरचं काम केलं होतं. म्हणजे कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, एका नगाला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून त्याचा रेट ठरवायचा. असा माणूस कारखान्यात कुणाला आवडत नाही, पण त्याचा आकडा खोटा आहे असंही कुणी म्हणत नाही. भीमरावांची आयुष्यभराची कमाई ती हीच.

घरात मात्र या कलेला फारसा वाव मिळाला नव्हता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी सुंदराबाईंची एक भाकरी थापायला किती सेकंद लागतात ते मोजलं होतं. पुढचा आठवडाभर त्यांनी ज्या भाकरी खाल्ल्या त्या स्वतः थापलेल्या होत्या.

"मोजल्याशिवाय बोलू नये," ते उठून म्हणाले. "मी साइटची टाइम स्टडी करतो. आकडा विहाराच्या बोर्डावर लावतो. मग काय तो ठराव करा."

वैष्णवी त्या आठवड्यात बदलापूरला माहेरी गेली होती. ती घरात असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. मुलगा विक्रांत एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे त्याचा उपयोग असून नसल्यासारखा. भीमरावांनी एकट्यानं कॉम्प्युटर लावला, ग्राफपेपर पसरला, पेन्सिलीला टोक केलं आणि डाव्या हातात घड्याळ धरून उजव्या हातानं साइटचा पत्ता टाईप केला. उजव्या हाताचं एकच बोट कामाला होतं, पण तो वेळ त्यांनी मोजमापातून वगळला.

पहिलं रीडिंग आलं तीन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं. नऊ सेकंद. परत पाहिलं. आठ. मग नऊ, नऊ, दहा, आठ. असं दहा वेळा झालं.

आता कुठलाही साधा माणूस या ठिकाणी बुचकळ्यात पडला असता. पण भीमराव रेटफिक्सर होते आणि रेटफिक्सरला पहिल्या दिवशी शिकवतात की पहिला नग धरायचा नाही. सकाळी मशीन थंड असतं, कारागिराचा हात बसलेला नसतो, तेल फिरलेलं नसतं. पहिला नग टाकून द्यायचा आणि पुढच्यांची सरासरी काढायची. भीमरावांनी शास्त्राला धरून तीन मिनिटं सत्तेचाळीस सेकंदांवर लाल पेन्सिलीनं काट मारली, शेजारी 'मशीन थंड' असं लिहिलं आणि खाली निष्कर्ष नोंदवला: साइट उघडण्यास लागणारा वेळ, नऊ सेकंद. सही, तारीख, मंडळाचा शिक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेच्या आत त्या कागदाची झेरॉक्स विहाराच्या बोर्डावर होती.

तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांची अब्रू भाजीबाजारात पोचली होती.

"भीमराव," कोंडाजींचा फोन आला, "तुमचं घड्याळ सेकंद मोजतं का मिनिटं? मी माझ्या घरी लावली साइट. दाढी करून आलो तरी आपलं चक्र फिरतंच आहे!" कोथिंबीर घेताना एका ओळखीच्या गृहस्थांनी "काय साहेब, झाले का नऊ सेकंद?" असं विचारलं. ज्या माणसाच्या आकड्यासमोर भलेभले फोरमन मान खाली घालत, त्या माणसाला लोक आता आकड्यावरून हसत होते.

सगळ्यात वर्मी घाव घातला तो पालेगावच्या जनीमावशींनी. मावशींची लेक बी.कॉम. झालेली, तिच्यासाठी मुलगा बघायचा म्हणून त्या बोर्डावरचा कागद वाचून घेऊन, रिक्षा करून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसल्या होत्या. अर्ध्या तासात चार वेळा साइट मधेच बंद पडली आणि चार वेळा पहिल्यापासून सुरू झाली. तिथून त्या थेट भीमरावांच्या दारात आल्या.

"भीमदादा, तुमी लिवलंव नऊ सेकंद, म्हनून मी गेले. मना एक पोरगा नाय दिसला. दिसला तो तुमचा फोटू. त्याचं बी निस्तं कपाल. वरून जरा जरा खाली येतंय, भिवईपर्यंत येतंय आन् बंद पडतंय. मी पोरीसाठी जावई बगायला गेले नं तुमचं कपाल बगून आले!"

सुंदराबाई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसल्या. भीमरावांना मात्र त्या बोलण्यातला मुद्दा लक्षात यायला हवा होता, तो आला नाही. अपमान झालेल्या माणसाला मुद्दे दिसत नाहीत.

मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे बाळ दाबके हे भीमरावांच्याच कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी खाली येऊन मॉडेमची पाहणी केली. "अहो सुरवाडे, मॉडेम जमिनीवर ठेवलाय तुम्ही. निम्मा स्पीड अर्थिंगला जातोय." मॉडेम पाटावर बसवण्यात आला. मग पाटाखाली रबराचा तुकडा आला. दाबक्यांच्या कुंदावहिनींचं मत असं पडलं की पानाचा रंग फार गडद निळा आहे, एवढा रंग तारेतून यायला वेळ लागणारच. यात खोट काय ते दाबक्यांनासुद्धा चटकन सांगता येईना.

दाबक्यांच्याच सांगण्यावरून भीमराव टेलिफोनवाल्यांच्या खिडकीवर गेले. सोबत ग्राफपेपर.

"लाइन बंद आहे का?" खिडकीतून प्रश्न आला.

"बंद नाही. हळू आहे."

"फॉर्मवर बंद आहे, खरखर आहे, नाव बदलणे आहे. हळू नाही."

"पण मी मोजलंय, हे बघा रीडिंग."

खिडकीतल्या गृहस्थांनी ग्राफपेपर खरोखर आदरानं पाहिला. "हँडरायटिंग सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले. "खरखर लिहू का?" जी खरखर नाही ती सरकारी कागदावर लिहायला भीमरावांचं मन धजेना. ते रिकाम्या हातांनी परत आले.

वैष्णवी बदलापूरहून आली ती विहारावरून. म्हणजे तिनं बोर्डावरचा कागद वाचलेला होता. भीमराव सोफ्यावर वर्तमानपत्र उघडून, एकही ओळ न वाचता बसले होते. ती हसेल म्हणून ते तयार होते. ती हसली नाही.

"बाबा, तुमची टाइम स्टडी बघितली," ती म्हणाली. "रीडिंग सगळी बरोबर घेतलीत. फक्त जे एक टाकून दिलंत ना, तेवढंच खरं आहे."

भीमरावांनी पेपर खाली केला.

"पहिल्यांदा साइट उघडली की सगळे फोटो, सगळ्या फाइली लांबून आणाव्या लागतात. मग आपला कॉम्प्युटर त्यांची एक कॉपी घरातच ठेवून देतो. दुसऱ्यांदा तो घरातलंच काढून दाखवतो, म्हणून नऊ सेकंद. पण आपल्या साइटवर रोज नवीन माणूस येणार ना? पालेगावहून येणार, बदलापूरहून येणार. त्याच्यासाठी ते पहिलंच असतं. ज्याचं लग्न जमलं तो कशाला दुसऱ्यांदा येतोय?"

एकोणतीस वर्षं पाळलेला नियम असा सोफ्यावर बसल्या बसल्या मोडला, तर माणूस चिडतो. भीमराव चिडले नाहीत. त्यांनी ग्राफपेपरवरच्या लाल काटेकडे पाहिलं आणि आपल्या आयुष्यात क्वचितच विचारलेला प्रश्न विचारला. "मग मोजायचं कसं?"

वैष्णवीनं कॉम्प्युटर लावला. फायरफॉक्स उघडलं. त्यात तिनं फायरबग नावाचं एक जोडकाम बसवलं होतं. तिनं कॉम्प्युटरमधल्या जुन्या कॉप्या पुसल्या, साइट उघडली, आणि पडद्याच्या खालच्या अंगाला एकाखाली एक आडव्या पट्ट्या उमटायला लागल्या. प्रत्येक फाइलला एक ओळ. ती कधी निघाली, कुठे थांबून राहिली, किती वजनाची आहे, पोचायला किती वेळ लागला, सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत.

भीमराव खुर्ची ओढून इतके पुढे आले की त्यांचा चष्मा पडद्याला लागला.

"अगं, हा तर आमचा मशीन चार्ट! हे बघ, हा इथं नुसता उभा आहे, पुढचा हललेला नाही म्हणून. आणि हे चौसष्ट कोण?"

"चौसष्ट फेऱ्या, बाबा. एवढ्या वेळा मागायला जावं लागतं. ती लुकलुकणारी निळी तोरणं आहेत ना, त्यातला एकेक दिवा वेगळा आणलाय."

"चौसष्ट बोल्ट आणायला चौसष्ट वेळा स्टोअरला? त्या कामगाराचा मी रेटच काढला नसता, त्याला घरी बसवला असता."

"हे अजून बघा." तिनं वायस्लो नावाची दुसरी खिडकी उघडली. तिथे नियमांची यादी होती, प्रत्येक नियमापुढे शेरा आणि वर एकूण निकाल, ठळक 'एफ'. फेऱ्या कमी करा. पाठवण्याआधी मजकूर दाबून बांधा. जे बदलत नाही त्याच्यावर तारीख टाका, म्हणजे पाहुणा ते जपून ठेवेल. भीमराव एकेक नियम वाचत होते आणि मान डोलवत होते. नापास झाल्याचं दुःख त्यांना आठवतच नव्हतं. जगात कुठेतरी कुणीतरी बसून इतक्या बारकाईनं, इतक्या निःपक्षपातीपणे वेळेचा हिशोब मांडला होता, याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं.

"केवढ्याला आणलंस हे?"

"फुकट आहे."

"फुकट!" भीमराव नकळत ताठ बसले. एवढ्या गुणी माणसांपुढे पोक काढून बसणं बरं नव्हे.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की वैष्णवी पट्ट्या वरखाली करताना एका ठिकाणी भरभर पुढे जातेय. "थांब. ती लांब पट्टी कुणाची? पार कडेपर्यंत गेलीय ती?"

"ती... एका सदस्याचा फोटो आहे."

"कुणाचा?" भीमरावांच्या आवाजात जुना रेटफिक्सर जागा झाला. "कोंडाजींचा ना? मला वाटलंच."

भीमरावांनी स्वतःच माऊस धरला आणि नाव वाचलं. त्यांचंच होतं. सव्वासहा एमबीच्या पानात एकट्या सचिवांचा फोटो दोन एमबीचा. निरोप समारंभातला, शालीतला. उल्हासनगरच्या त्या उत्साही स्टुडिओवाल्यानं स्कॅन करून सीडी हातात देताना सांगितलं होतं, "साईं, दीवार जितना बड़ा कर लो, फटेगा नहीं. अपने यहाँ हल्का काम होता ही नहीं." भीमराव त्या कामावर इतके खूष झाले होते की त्यांनी कार्यकारिणीतल्या उरलेल्या दहाही जणांना तिथेच पाठवलं होतं.

"मग तू बारीक का नाही केलेस?"

"ठराव क्रमांक सात," वैष्णवी हळूच म्हणाली.

ठराव क्रमांक सात भीमरावांच्याच हस्ताक्षरात होता. आदल्या वर्षीच्या छापील पुस्तिकेत प्रेसवाल्यानं कोंडाजींचा उजवा कान कापला होता, तेव्हा मोठा गहजब होऊन ठरलं होतं की सदस्यांच्या फोटोंना कुणीही, कोणत्याही कारणानं हात लावू नये. फोटो स्टुडिओतून येतील तसेच पहिल्या पानावर लागतील. चौकातल्या बॅनरवर ज्याचा फोटो लहान तो वर्षभर रुसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठराव एकमतानं झाला होता.

"कोंडाजी बोलले तेव्हा तरी सांगायचंस मला."

"काय सांगणार होते बाबा? लोक म्हणाले असते, स्वतःचं काम जमलं नाही आणि सासऱ्याचं नाव पुढे करते."

भीमरावांनी माऊस खाली ठेवला. या पोरीनं आपल्या कपाळाचं ओझं महिनोन्महिने स्वतःच्या डोक्यावर वाहिलं आणि आपल्याला कळू दिलं नाही. त्यांना लाज वाटली आणि तेवढाच अभिमान वाटला, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे कुठला चेहरा करावा ते कळेना. पण माणूस शेवटी माणूस. थोड्या वेळानं ते घसा खाकरून म्हणाले, "असं कर, माझा तेवढा आधी हलका करून टाक. बैठकीत बाकीच्यांच्या पट्ट्या दाखवू."

स्वयंपाकघराच्या दारातून सुंदराबाईंचा आवाज आला. "दुसऱ्याच्या कामाला घड्याळ लावता नं? मंग सोताच्या थोबाडाला बी लावा की एक डाव."

त्या घरात सुंदराबाईंच्या ठरावाला दुरुस्ती सुचवण्याची पद्धत नव्हती.

ठरावाची बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये घ्यावी लागली, कारण विहारात टेलिफोन नव्हता. हॉलमध्येही नव्हता, पण भीमरावांच्या घरापासून तार आणता येत होती. दाबक्यांनी तार ओढण्याचं नेतृत्व केलं. ती तार त्यांच्या बाल्कनीतून, गच्चीच्या पायपावरून, वॉचमनच्या खोलीला वळसा घालून हॉलच्या खिडकीत उतरली, आणि अर्ध्या तासानं कनेक्शन खरखरायला लागलं तेव्हा कळलं की कुंदावहिनींनी तिच्यावर ओली सोलापुरी चादर वाळत घातलीय. टेलिफोनच्या खिडकीतल्या गृहस्थांना हवी होती ती खरखर अशी अवेळी मिळाली. भारनियमनात वीज अकराला जाणार होती, म्हणून बैठक नऊला. एका क्लासवाल्यांकडून प्रोजेक्टर आला. कार्यकारिणी पुढच्या रांगेत बसली. मागे समाजातली वीसेक माणसं, त्यात जनीमावशी आणि त्यांची लेक.

कोंडाजींनी ठराव वाचायला चष्मा काढला, तेवढ्यात भीमराव उभे राहिले.

"आधी चार्ट बघा," ते म्हणाले. भिंतीवर पट्ट्या उमटल्या. "प्रत्येक पट्टी म्हणजे साइटला लागलेला वेळ. ही सगळ्यात लांब आहे ती माझ्या फोटोची. मीच साइट अडवून बसलोय. बोर्डावरचा आकडा पण माझाच चुकला होता. सुनेचा यात काही दोष नाही. तिनं केलेली साइट हलकी होती, तिच्यावर आपण अकरा जण जाऊन बसलो."

आपली चूक एवढ्या मोठ्या पडद्यावर, नावासकट, स्वतःच दाखवणारा पदाधिकारी मंडळाच्या इतिहासात हा पहिलाच. ज्यांनी भाजीबाजारात चेष्टा केली होती तेही सावरून बसले.

"माझी कुठली?" कोंडाजींनी हळूच विचारलं.

"लांबीत तिसरी. दुसरी श्रीपादची."

"म्हणजे माझ्यापेक्षा श्रीपादची मोठी?" कोंडाजींना क्षणभर कशाचा आनंद मानावा ते उमगेना. खजिनदार श्रीपाद मात्र ओरडले, "हलका करणार म्हणजे कापणार! कान जाणार!"

वैष्णवी उठली. तिनं भिंतीवर शेजारीशेजारी दोन भीमराव लावले. शाल तीच, चष्मा तोच, कान चार. "यातला एक दोन एमबीचा आहे, एक अडतीस केबीचा. जड कुठला ते सांगा."

कार्यकारिणी पडद्याजवळ गेली. कुणी चष्मा पुसला. शालीच्या जरीवरून वाद झाला. मतदान झालं आणि सात विरुद्ध तीन मतांनी डावीकडचा भीमराव जड ठरला. तो अडतीस केबीचा होता.

हशा ओसरायच्या आत भीमरावांनी ठराव क्रमांक सात मागे घेण्याची सूचना मांडली आणि खिशातलं घड्याळ कोंडाजींच्या हातात दिलं. "तुम्हीच मोजा. वैष्णवीनं नवं पान दुसऱ्या पत्त्यावर तयार ठेवलंय. बेटा, जुन्या कॉप्या पुस. सगळ्यांसमोर पुस. पहिलंच रीडिंग धरायचं."

वैष्णवीनं कॉप्या पुसल्या. कोंडाजींनी अंगठा सरसावला. "हं!"

पान उघडलं. सगळे फोटो, निळी तोरणं, मुलामुलींची यादी, सगळं. कोंडाजी घड्याळाकडे बघत होते, त्यामुळे उघडल्याचं त्यांना शेजाऱ्यानं सांगितलं. "पाच सेकंद," ते म्हणाले. मग जरा थांबून, मोठ्यानं म्हणाले, "त्यात एक माझं. चारच धरा." उल्हासनगरच्या पार्टीचा ठराव त्यांनी स्वतः घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "वैष्णवी, माझा फोटो किती केबीचा बसला? श्रीपादपेक्षा कमी ना?"

त्यावर पुढच्या रांगेत चढाओढ लागली. कुणी पस्तीस मागितले, कुणी तीस. श्रीपाद तर टाय काढून नवा फोटो द्यायला तयार झाले. त्या गलक्यात जनीमावशी लेकीचा हात धरून पुढे आल्या आणि वैष्णवीच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

वैष्णवीनं मुलांची यादी उघडली. एक मुलगा आला, दुसरा आला, तिसरा आला.

"अगो बाय, थांब थांब!" मावशी ओरडल्या. "येवरा जलद नको. मना बगू तं दे!"

हॉल पुन्हा हसला. वैष्णवीनं माऊस मावशींच्या लेकीच्या हातात दिला. मायलेकी वाकून एकेक नाव, शिक्षण, नोकरी वाचायला लागल्या. एका मुलापाशी लेक थांबली. मावशींनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याही थांबल्या.

कोंडाजींच्या हातातलं घड्याळ अजून चालूच होतं. "सहा मिनिटं झाली की हो," ते काळजीनं म्हणाले. "परत अडकली का काय साइट?"

"नाही काका," वैष्णवी म्हणाली. "साइटचा वेळ मघाशीच संपला. हा मावशींचा वेळ आहे. हा मोजायचा नसतो."

कोंडाजींनी घड्याळ बंद केलं. भीमरावांना एकदम भरून आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. अकराला वीज जायची होती, आणि मायलेकींना अजून त्या एकाच मुलाबद्दल पुष्कळ वाचायचं होतं, म्हणून त्यांनी सगळ्यांना हातानं गप्प बसायची खूण केली.